पदराची उलटी बाजू

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत एप्रिलमधला एक रविवार भांडणासाठी राखून ठेवलेला असतो. विषय ठरलेला, १ मे. यंदा सांस्कृतिक समितीने झेंडावंदनानंतर क्लबहाउसमध्ये ‘आपला महाराष्ट्र’ भरवायचं ठरवलं. गडकिल्ल्यांचे फोटो, कासच्या फुलांचे फोटो, मिसळ, थालीपीठ, पैठणीचा एक स्टॉल, कोल्हापुरी चपलांचा एक आणि आंब्याच्या पेट्या. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक ताडकन उभे राहिले. ‘‘माणसांनी छातीवर गोळ्या झेलल्या म्हणून हे राज्य मिळालं, आणि त्या दिवशी तुम्ही मिसळ विकणार?’’ समितीच्या वहिनीही मागे हटणाऱ्या नव्हत्या. ‘‘काका, गेल्या वर्षी तुमच्या भाषणाला अकरा माणसं होती. त्यातले चार आम्ही समितीचेच. मग पोरांना महाराष्ट्र कळायचा कसा?’’ चहा निवला, ठराव मंजूर झाला, काका पाय आपटत निघून गेले.

हेच भांडण एक मेच्या आसपास पुरवण्यांत, वाहिन्यांवरच्या चर्चांत आणि चहाच्या टपरीवरही चालू असतं. एका बाजूला गांभीर्यवाले. हा दिवस हुतात्म्यांचा, भाषेचा, सीमाभागाचा. बाकी सगळा बाजार. दुसऱ्या बाजूला उत्सववाले. साठ-पासष्ट वर्षं तेच रडगाणं पुरे झालं, आता गड दाखवा, निसर्ग दाखवा, आपले ब्रँड दाखवा. मला दोघांचाही युक्तिवाद कच्चा वाटतो. राज्याच्या दिवशी त्या राज्याच्या वारशाचा, भूगोलाचा आणि धंद्यांचा उत्सव झालाच पाहिजे, कारण हे राज्य मागितलं गेलं त्यात भाषेइतकाच पोटाचा प्रश्न होता. मात्र आज तो ज्या तऱ्हेने होतो त्यात वस्तू दिसते आणि करणारा दिसत नाही, डोंगर दिसतो आणि डोंगरातली वस्ती दिसत नाही. पैठणी पारखायची तर जाणती बाई पदर उलटून बघते. सुलट बाजूला जसा मोर तसाच उलट बाजूला उमटला असेल, धाग्यांचं जंजाळ लोंबत नसेल, तर ती हातमागाची. आपण मात्र सुलट बाजूचा मोर बघूनच पैसे मोजणारं गिऱ्हाईक झालो आहोत.

आधी काकांची बाजू, कारण तिला वजन आहे. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत पुन्हा. हुतात्म्यांचा आकडा कोणी १०५ सांगतं, कोणी १०६, कोणी १०७. ज्या राज्याला आपल्या मेलेल्यांची मोजणीही एकमताने सांगता येत नाही त्याने त्या दिवशी जरा गप्प उभं राहावं, असं कोणाला वाटलं तर ते चूक नाही. त्या दिवशी मोबाइलवर ‘महाराष्ट्र दिन धमाका’ म्हणून चाळीस टक्के सवलतीचा टीव्ही दिसतो तेव्हा माझाही हात कपाळावर जातो. चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं, हे त्या टीव्हीच्या जाहिरातीत कुठे बसवणार?

पण काकांना एक विचारायला हवं. ती माणसं मेली ती नेमकी कशासाठी? भाषेसाठी, हे उत्तर खरं असलं तरी अर्धं आहे. भांडण मुंबईवरून होतं, आणि मुंबईचं भांडण हे शहर कोणी उभं केलं याचं होतं. १९४८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषावार प्रांतांचा प्रश्न तपासणाऱ्या दार आयोगापुढे मराठी प्रांताच्या बाजूने निवेदन दिलं. त्यात त्यांनी विरोधकांचे मुद्दे एकेक करून मांडले आणि एकेक करून उसवले. त्यातला एक मुद्दा असा होता की मुंबईचा व्यापार-उद्योग इतरांनी उभारला, मराठी माणूस तिथे कारकून आणि हमाल. तेव्हा मालकांना कष्टकऱ्यांच्या सत्तेखाली ठेवणं योग्य नाही. हा मुद्दा पुन्हा एकदा सावकाश वाचा. शहर भांडवलाचं की घामाचं, असा तो वाद आहे. संयुक्त महाराष्ट्राने त्याला रस्त्यावर उतरून उत्तर दिलं. हुतात्मा चौकातल्या स्मारकावर मशाल धरून कोण उभं आहे? एक शेतकरी आणि एक कामगार. राज्याचा दिवसही जगभरच्या कामगारांच्या दिवशीच आला. आता अशा दिवशी कोणी मागावरची साडी, टाक्यांची चप्पल, झाडावरचा आंबा मांडून बसला, तर हुतात्म्यांचा अपमान झाला असं कसं म्हणायचं? अपमान होतो तो साडी मांडून विणणाऱ्याला वगळतो तेव्हा. कारण ‘कारकून आणि हमाल’ म्हणणाऱ्यांनीही नेमकं हेच केलं होतं.

राहिला प्रश्न उत्सवाच्या सुराचा. गांभीर्य म्हणजे लांब चेहरा, हे समीकरण चळवळीला मान्य नव्हतं. अत्रे शिवाजी पार्कावर लोकांना हसवून हसवून पेटवत. अमर शेख डफ घेऊन उभे राहत. अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना’ ही तर तमाशातली छक्कड. पोटासाठी मुंबईला निघालेला गडी गावाकडे राहिलेल्या बायकोसाठी झुरतो, आणि गाता गाता ती मैना बेळगाव, कारवार, निपाणी होऊन जाते. विरहाच्या गाण्यात राज्याचा नकाशा बसवणाऱ्या माणसाला कोणी म्हटलं नाही, की बाबा, गंभीर विषय आहे, ढोलकी खाली ठेव.

आता वहिनींच्या बाजूकडे वळतो. ठराव त्यांचा मंजूर झाला असला तरी हिशेब त्यांनाही द्यायचा आहे. क्लबहाउसमधले फोटो मी मोजले. छत्तीस होते. सह्याद्री, कोकण किनारा, गड, कास, पुन्हा सह्याद्री. वैनगंगेच्या पलीकडचा एकही नाही. लोणार होतं, ते विवराच्या गोल आकारामुळे चांगलं दिसतं म्हणून. विदर्भवादी मंडळी १ मेला काळा दिवस पाळतात आणि बेळगावची मराठी माणसं १ नोव्हेंबरला. एकाच भाषेचे दोन काळे दिवस. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला दिलेल्या शब्दांचं काय झालं यावर वाद घालता येईल, पण ज्या राज्याच्या चित्रात आपलं गाव कधी येतच नाही त्या राज्याचा दिवस साजरा करायला माणूस कोणत्या तोंडाने येईल?

भंडारा आणि गोंदियाच्या तलावांचंच बघा. धानाच्या बांध्या, मध्ये मातीची लांबच लांब पाळ, तिच्या आड पाणी, पाण्यात कमळं, हिवाळ्यात बाहेरगावचे पक्षी. लहान असेल तर बोडी, मोठा असेल तर तलाव. हे देखावे निसर्गाने दिलेले नाहीत. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल त्याला जमीन मिळे, आणि कोहळी समाजाने उतार आणि ओढे पाहून एकाखाली एक असे तलाव ओवले. वरचा भरला की जादा पाणी खालच्यात. सिमेंट नाही, यंत्र नाही, पण धानाला ऐन गरजेच्या वेळी पाणी. पुढे तलाव मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे आले. १९५० मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेशात मालगुजारी रद्द झाली आणि तलाव सरकारजमा झाले. जमीनदारी गेली हे उत्तमच झालं. पण तिच्याबरोबर गाळ काढायची, पाळ बांधायची, पाणी वाटायची गावाची रीतही मोडली, आणि तिच्या जागी दुसरी कोणी घडवली नाही. आज सरकारी कागदांत त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात आणि बोलताना थोडक्यात ‘मामा तलाव’. हजारोंनी आहेत. कित्येक गाळाने भरले, बेशरमाच्या झुडपांनी माजले, अतिक्रमणात गेले. एखाद्या गडाचा बुरूज ढासळला की आपण हळहळतो, ढासळावा असं कोणालाच वाटत नाही. पण अजून पाणी धरणारा, अजून पीक देणारा, अमुक हातांनी बांधला हे ठाऊक असलेला वारसा आपल्या छत्तीस फोटोंत नव्हता. वहिनींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘भाऊजी, तुम्ही फोटो पाठवायचे होते.’’ बरोबर आहे. मीही पाठवले नव्हते.

इथे एक आक्षेप येतो, आणि या सगळ्या वादात मला तोच सगळ्यात जड वाटतो. म्हणतात, कशाला दाखवता? दाखवलं की गर्दी, गर्दी आली की ते संपलं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि फुलांपेक्षा गाड्या जास्त अशी हंगामातल्या रविवारची गत झाली. शेवटी संख्येवर मर्यादा आणि प्रवेशशुल्क आणावं लागलं. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराने कोसळला, चार जीव गेले. त्यानंतर महिनाही झाला नाही तोच, ११ जुलैला शिवकाळातले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी. आपण पेढे वाटले, मीही खाल्ले. पण राजगडाच्या पायथ्याच्या गावात पार्किंग, कचरा, पाणी आणि संडास यांचं काय, हे पेढ्याच्या डब्यावर लिहिलेलं नव्हतं.

हा आक्षेप मी निम्मा मान्य करतो. निम्मा अशासाठी, की न दाखवलेल्या गोष्टी काही सुखरूप राहिलेल्या नाहीत. मामा तलावांवर कधी गर्दी झाली नाही, कोणी सेल्फीसाठी पाळ तुडवली नाही, तरी ते गाळाने गेले. नजरेने जसा नाश होतो तसाच दुर्लक्षानेही होतो. फरक इतकाच की गर्दीने झालेल्या नाशाची बातमी होते. तेव्हा दाखवायचं की नाही यावर वाद घालण्यापेक्षा दाखवताना सोबत काय दाखवायचं यावर घालावा. कासचा फोटो लावायचा तर खाली लिहा की या पठारावर मातीचा थर बोटभर आहे आणि म्हणून तुमचा एक बूट काय करतो. राजगडाचा लावायचा तर पायथ्याच्या गावाचं नाव लिहा. खुद्द राज्यफुलाचीच गोष्ट घ्या. ताम्हण. नेमकं मेच्या सुमाराला जांभळं होऊन फुलतं, आणि आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेरच एक झाड आहे. स्टॉलसाठी आलेल्या टेम्पोला वळायला जागा हवी म्हणून त्याची एक फांदी एक मेच्या आदल्या दिवशी तोडली. तोडणाऱ्याला ते राज्यफूल आहे हे ठाऊक नव्हतं. तोडायला सांगणाऱ्यालाही.

धंद्यांकडे येतो. ‘स्थानिक’ हा शब्द उच्चारला की आपल्याकडे दोन प्रकारची माणसं खूश होतात. एक, ज्यांना खरोखर शेजारच्या कारागिराचं भलं हवं आहे. दोन, ज्यांना शेजारच्याचं आडनाव तपासायचं आहे. विचारी लोक या शब्दाला बिचकतात ते या दुसऱ्यांमुळे, आणि त्यांचं बिचकणं समजण्यासारखं आहे. स्वदेशीच्या काळात बंगालमध्ये गरीब मुसलमान दुकानदारांवर जबरदस्ती झाली तेव्हा रवींद्रनाथांनी त्यावर त्याच वेळी टीका केली होती. पण स्थानिकचा अर्थ आडनावावरून लावायचा असेल तर ज्या वस्तूंवर आपण छाती फुगवतो त्यांतल्या किती उरतील? सोलापुरी चादर विणली ती मुख्यतः तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी. त्यांच्या घरात आजही तेलुगू बोलतात. मिरजेची सतार आणि तंबोरा घडवतात ते शिकलगार. हत्यारांना धार लावणं हा त्यांचा पिढीजात धंदा. तलवारींचे दिवस सरले तेव्हा त्याच हातांनी भोपळे आणि तारा घेतल्या. बहुतेक मुसलमान. गायकीतल्या किराणा घराण्याचा सूर ज्या तंबोऱ्यावर लागला तो त्यांच्या कार्यशाळेतला. २०२४ मध्ये मिरजेच्या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव तिथल्याच मालाचं अशी कायदेशीर नोंद झाली. हापूस हे नाव तर पोर्तुगीज अफोन्सोचं. कलमं बांधायची विद्या गोव्याच्या वाटेने आली. आणि लिज्जत पापड? १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका गच्चीवर सात गुजराती बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तारीख लक्षात घ्या. मुंबई कोणाची यावरून मराठी आणि गुजराती एकमेकांकडे डोळे वटारून पाहत होते तो हा काळ, आणि त्याच गिरगावात पुढे हजारो मराठी बायकांच्या हाताला काम देणारी संस्था पिठाचे गोळे मोजत होती. ती महाराष्ट्राची नाही असं म्हणायची कोणाची छाती आहे? जिथे काम होतं, जिथल्या हातांना मजुरी मिळते, तिथला तो धंदा. आईची भाषा कोणतीही असो.

अर्थशास्त्रवाल्यांचा आक्षेप वेगळा आहे. ते म्हणतात, हातमागाची पैठणी पन्नास हजारांची, यंत्रमागाची चार हजारांची. चांगली आणि स्वस्त वस्तू जिथून मिळेल तिथून घ्यावी. भावनेवर धंदा चालत नाही. यात खोटं काय आहे? भावनेवर धंदा चालत नाही हे आपल्याच इतिहासाने दाखवलं आहे. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. ती पाठ्यपुस्तकात आहे, चित्रासकट. पण त्याच काळात अंताजी दामोदर काळे नावाचा माणूस दारोदार फिरून माणशी एक पैसा मागत होता. त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला, आणि तो माल काढण्याइतकाच माणसं शिकवण्यासाठी होता. पाठ्यपुस्तकातल्या होळीच्या मानाने पैसा फंडाचं नाव तळेगावाबाहेर किती जणांनी ऐकलं आहे? लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराला सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीला विष चढेल असं शेतकरी म्हणत. नांगर देशी आहे म्हणून घ्या, असं सांगून तो खपला नाही. तो चांगला नांगरतो हे शेतात दिसलं तेव्हा खपला. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आमच्या आजीने घेतला तो देशभक्ती म्हणून नव्हे, वाऱ्यात विझत नव्हता म्हणून.

म्हणजे मी अर्थशास्त्रवाल्यांचं ऐकलं. आता त्यांनी माझं ऐकावं. बाजारात चांगलं आणि स्वस्त जिंकायला हवं हे खरं, पण त्याआधी गिऱ्हाइकाला आपण काय घेतोय ते कळायला हवं. चार हजारांची साडी ‘यंत्रमागाची’ म्हणून विकली तर माझी काही तक्रार नाही. ती ‘येवल्याची अस्सल पैठणी’ म्हणून विकतात तेव्हा महिनोन् महिने मागावर बसलेल्या माणसाच्या नावाची चोरी होते. भौगोलिक मानांकन यासाठी आहे. आपण मात्र त्याचा उपयोग बक्षिसासारखा करतो. मानांकन मिळालं, सत्कार झाला, बातमी आली, संपलं. मानांकन मिळाल्यावर प्रत्येक कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करायची असते, आणि नकली माल पकडायला कोणीतरी बाजारात हिंडायचं असतं, हा कंटाळवाणा भाग सत्कारात येत नाही.

कोल्हापुरीच्या बाबतीत हे लख्ख दिसलं. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मॉडेलांच्या पायात कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि इथे आग भडकली. महाराष्ट्राच्या व्यापारी संघटनेने पत्र लिहिलं, कंपनीने भारतीय पादत्राणांपासून प्रेरणा घेतल्याचं कबूल केलं. इथलं मानांकन मिलानला लागू होत नाही, हा तपशील त्या आगीत कोणाला ऐकू आला नाही. राग योग्यच होता. पण तो राग आला त्या आठवड्यात आपल्यापैकी किती जणांच्या पायात कोल्हापुरी होती? ती चप्पल जवळून पाहिली आहे का? बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं चामडं, खिळा नाही, चामड्याच्याच वादीने तळाला घातलेले टाके, दोन्ही बाजूंना कान, वरची वेणी बहुतेक वेळा घरातल्या बाईने विणलेली. ज्या समाजाने ती केली त्याला गावाने शिवेबाहेर ठेवलं, आणि चप्पल मात्र उंबऱ्यापर्यंत आणली. २०१५ मध्ये कायद्यात सुधारणा करून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्या कायद्याबद्दल मतं काहीही असोत, त्यानंतर कातडं मिळणं अवघड आणि महाग झालं असं हे कारागीर तेव्हापासून सांगत आहेत. एक मेच्या सरकारी जाहिरातीत कोल्हापुरी असते. ही तक्रार नसते. आणि एक गंमत. या चपलेचं मानांकन महाराष्ट्राचं एकट्याचं नाही. आपले चार जिल्हे आणि कर्नाटकचे चार, दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी मिळून घेतलेलं. सीमाप्रश्नावर २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात समोरासमोर उभी असलेली दोन राज्यं चपलेच्या अर्जावर शेजारी शेजारी बसली.

एक मेला स्टॉल लागले. काका येणार नाहीत असं सगळे धरून चालले होते, पण झेंडावंदनानंतर ते खाली आले. आधी पाच मिनिटं बोलले, बेळगाव-कारवार-निपाणी म्हणताना त्यांचा आवाज दर वर्षीप्रमाणे भरून आला. मग मिसळ खाल्ली, तिखट आहे म्हणाले, आणि चपलांच्या स्टॉलपाशी थांबले. पोरगा पंचविशीचा असेल. मी विचारलं, कुठली रे? ‘‘निपाणीकडची, काका. घरचीच आहे. आई वेण्या घालते.’’ अठराशे सांगितले. निपाणीसाठी नुकताच गहिवरलेला आमचा मुख्याध्यापक म्हणाला, ‘‘बाजारात सहाशेला मिळते.’’ इतक्यात वहिनी आल्या. ‘‘अरे, स्टॉलचं भाडं घेतलं नाही तुझ्याकडून. पंधराशे कर ना.’’ गेल्या चार वर्षांत त्या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. पोरगा काही बोलला नाही. त्याने चप्पल उलटी करून तळाचे टाके त्यांच्या पुढ्यात धरले. काका चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. सतराशेवर सौदा पटला. त्यांनी ती तिथेच पायात घातली, जुनी पिशवीत टाकली, आणि जिना चढताना ती करकर वाजत गेली.

मी आंब्याची पेटी घेतली. एवढं सगळं लिहिणारा माणूस, पण पेटीवर ठळक अक्षरांत ‘देवगड’ होतं आणि माझ्या मागे रांग होती. घरी येऊन उघडली तर आंब्यांखाली कन्नड वर्तमानपत्र. आंबे गोड निघाले, खोटं कशाला सांगू.